माती आमच्याच शेतात द्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माहेर खानापूर तालुक्यातलं, लग्नानंतर बेळगावात, वय ५१. वडील ८२ वर्षांचे, माळकरी, हृदयाचं दुखणं; औषधपाणी कोल्हापूरच्या दवाखान्यात चालू आहे. गेले काही महिने ते एकच सांगतात, "मला मसणात नेऊ नका. विहिरीजवळच्या आंब्याखाली माझी माती करा आणि वर चौथरा बांधा." पुण्यात नोकरीला असलेला भाऊ म्हणतो, असलं काही करायचं नाही, गावची स्मशानभूमी आहे. बांधाला बांध लागून असलेला चुलत भाऊ म्हणतो, विहीर दोघांची आहे, तिथं चिता पेटली तर मी पोलिसांत जाईन. लेकीला बापाचा शब्द पाळायचा आहे. तिचे प्रश्न असे: स्वतःच्या शेतात अंत्यसंस्कार करायला कायद्याची आडकाठी आहे का? आसपासच्या लिंगायत घरांच्या समाध्या शेतातच आहेत, मग आमचीच अडवणूक का? स्टॅम्प पेपरवर मृत्युपत्र केलं तर भावाला ते पाळावंच लागेल ना? कोल्हापुरात काही बरंवाईट झालं तर दाखला कुठल्या राज्याचा? आणि भाऊ वेळेत पोचला नाही, तर अग्नी मी दिलेला चालतो का?

ताई,

तुमच्या चार पानी पत्रात चुलत भाऊ पानोपानी आहे, पुण्याचा भाऊही बऱ्याचदा आहे. आई एकदाच आली आहे. बाबा आंब्याचं सांगत होते तेव्हा "आई चहा ठेवायला आत गेली", एवढंच. त्या वाक्यापाशी मी थोडा थांबलो. त्याच्याकडे नंतर येतो. तुम्ही विचारलंय कायद्याचं, तर आधी ते.

प्रेताचं काय करावं आणि कुठं करावं हे सांगणारा एकच एक कायदा आपल्या देशात नाही. मृत्यूची नोंद केंद्राच्या १९६९ च्या कायद्यानं होते. स्मशानाची जागा हा राज्याचा आणि त्याच्या खाली महानगरपालिकेचा, नगरपालिकेचा नाहीतर ग्रामपंचायतीचा विषय. मरण संशयास्पद असेल तर पोलीस आणि फौजदारी कायदा. म्हणून पहिला प्रश्न असा की शेत कुणाच्या हद्दीत आहे? बेळगाव शहरात कर्नाटक महानगरपालिका कायदा, १९७६ लागतो. तिथं नोंद झालेल्या स्मशानाखेरीज दुसरीकडे परवानगीवाचून दहन किंवा दफन करता येत नाही. सदाशिवनगर, शहापूर अशा जागा ठरलेल्या आहेत. अनगोळ, वडगाव, मजगावच्या वाचकांनी इथं कान टवकारावेत. त्यांच्या शिवारात आजही भात होतं, पण हद्द महानगरपालिकेची आहे.

ताई, तुमचं गाव मात्र ग्रामपंचायतीत येतं. स्मशानाची सोय करणं आणि ती राखणं हे १९९३ च्या पंचायत राज कायद्यानं पंचायतीचं काम आहे. ज्या गावांना स्मशानाची जागाच नाही त्यांना ती द्या, असं कर्नाटक उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सरकारला बजावलं, आणि त्यानंतरही त्याच्या अंमलबजावणीसाठी कोर्टाला मागे लागावं लागलं. आता तुमचा खरा प्रश्न, स्वतःच्या शेताचा. गावोगावी शेतात माती देण्याची जुनी वहिवाट आहे. कुणाची हरकत नसेल तर सहसा कुणी विचारायलाही येत नाही. पण वहिवाट चालते ती हरकत येईपर्यंतच. २०२१ च्या कोविडच्या लाटेत स्मशानं अपुरी पडू लागली, तेव्हा स्वतःच्या शेतात, फार्महाऊसवर अंत्यसंस्कार करायची मुभा देणारा आदेश कर्नाटक सरकारला मुद्दाम काढावा लागला होता. जमीन माझी म्हणून मर्जी माझी, एवढं ते सोपं असतं तर त्या आदेशाची गरजच पडली नसती.

आणि तुमच्या बाबतीत हरकत आधीच आलेली आहे.

हरकत आल्यावर काय होतं, याचं अलीकडचं उदाहरण छत्तीसगडातलं आहे. बस्तरमधल्या एका गावात ७ जानेवारी २०२५ ला एक ख्रिस्ती पाद्री वारले. मुलाला त्यांना गावातच पुरायचं होतं. गावच्या दफनभूमीत नाही तर नाही, निदान स्वतःच्या शेतात. गावानं विरोध केला. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळी मतं दिली. न्या. नागरत्ना म्हणाल्या, शेतात पुरू द्या. न्या. शर्मा म्हणाले, धर्मस्वातंत्र्याचा हक्क आहे, पण जागा आपल्याला हवी तीच मिळावी असा बिनशर्त हक्क त्यात येत नाही. शेवटी, प्रेत आणखी ताटकळू नये म्हणून दोघांनी मिळून २० किलोमीटरहून दूरच्या ठरलेल्या दफनभूमीचा आदेश दिला. तोवर ते प्रेत २० दिवस शवागारात होतं. तिथला वाद धर्माचा होता, तुमचा भाऊबंदकीचा आहे. पण अंगणात तिरडी बांधून तयार, दारात पोलीस, पीडीओंचा (पंचायत विकास अधिकाऱ्यांचा) फोन लागत नाही आणि पंच मंडळी दोन गटांत उभी, हे चित्र तुमच्याही घरी उभं राहू शकतं. शांतता बिघडेल असं दिसलं की मनाई हुकूम निघायला वेळ लागत नाही.

तेव्हा शेतातच करायचं ठरलं, तर आजच, बाबा हयात असताना, तीन कागद हातात हवेत. ताजा उतारा, त्यावर बाबांचं एकट्याचं नाव आहे की काका-चुलत्यांचीही आहेत ते बघा. वाटणी तोंडी झाली असेल आणि उताऱ्यावर नावं एकत्र असतील तर ते शेत कागदावर सगळ्यांचं आहे, आणि सगळ्यांची लेखी संमती लागेल. मग पंचायतीला रीतसर अर्ज आणि त्याची पोच. आणि चुलत भावाचं 'हरकत नाही' असं लेखी. हा तिसरा कागद मिळत असेल तर पहिल्या दोनांत फारसं काही अडत नाही. तो मिळणार नसेल तर पहिल्या दोनांनी फारसं काही साधत नाही.

चुलत भावाबद्दल तुम्ही बरंच कडू लिहिलंय. त्यातलं काही खरंही असेल. पण विहीर सामाईक आहे, त्याच्या घरच्या बायका रोज पाण्याला तिथं येतात, हे तुम्हीच लिहिलंय. पंधरा पावलांवर चिता जळाली, राख-कोळसे पहिल्या पावसात विहिरीकडे वाहिले, तर हरकत घ्यायला तो वाईटच माणूस असावा लागत नाही. त्याच्या जागी तुमचा सख्खा भाऊ असता तरी विहिरीचा प्रश्न तसाच राहिला असता.

लिंगायत घरांचं म्हणाल, तर ती तुलना जरा जपून करा. त्यांच्यात दफन असतं. गळ्यातल्या इष्टलिंगासह देह बसवून समाधी देतात, जंगम, म्हणजे त्यांचे पुरोहित, येऊन विधी करतात. वर्षानुवर्षं एकाच तुकड्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या समाध्या होत आल्या आहेत आणि तो तुकडा त्यासाठीच आहे हे गावाला ठाऊक असतं. आपल्याला रस्त्यावरून समाधी दिसते. तिच्यासाठी भाऊबंदांची बैठक कधी झाली, कोण रुसलं, कोण मानलं, ते दिसत नाही. शिवाय दहनाला ३००-४०० किलो लाकूड, जाळ, धूर, आणि उरलेली राख हे सगळं येतं. बाबांनी "माती करा" म्हटलंय. आपल्याकडे माती म्हणजे दोन्ही, म्हणून त्यांना पुरायचं आहे की दहनच करायचं आहे, हे तुम्ही विचारलंय का? पत्रावरून तसं वाटलं नाही. पुरायचं असेल तर हे माहीत असू द्या की एकदा मातीत ठेवलेला देह पुन्हा काढणं फार अवघड. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात बापालासुद्धा मुलाचा देह उकरून न्यायला नकार दिला; पुरलेला देह कायद्याच्या ताब्यात असतो असं म्हटलं. उद्या त्या शेताचं काही झालं तर "बाबांना दुसरीकडे हलवू" हे आपल्या हातात राहत नाही.

आता जरा आंब्याखाली उभं राहून बघू. तुमच्या सगळ्या पत्रात ऊन आहे. आंब्याची सावली, वाळलेला बांध, विहिरीचा काठ. बाबा उन्हाळ्यातच जातील असं गृहीत धरलंय का? खानापूरचा आषाढ मी तुम्हाला काय सांगायचा! रोप लावणीला शेतात गुडघाभर चिखल, बांधावरून चालताना चपला हातात. अशा एका आषाढात मी तुमच्याच तालुक्यात एका मातीला गेलो होतो. स्मशानावर शेड नव्हती. चितेवर धरलेल्या पत्र्याची चार टोकं पकडून चार पोरं उभी होती, जाळ वर आला की मागे सरायची, पाऊस वाढला की पुढे यायची. शेणी आतून पेटलेल्या, वरून भिजलेल्या. रॉकेलचा डबा संपला, मग कुणीतरी मोटारसायकलवरून डिझेल आणलं. बारा वाजता सुरू झालेलं पाचला आटपलं. ते निदान मुरमाड जागेवर होतं. भाताच्या खाचरात हे कसं करणार? आणि आंब्याच्या बुंध्यापाशी एवढा जाळ झाला तर आंबा करपेल. बाबांनी लावलेलं झाड आहे ना ते? त्यांना हे कुणी बोलून दाखवलं नसेल. मी बोललो असतो.

पण बाबांना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. ८२ वर्षं त्या मातीत काढलेला माणूस आहे. म्हणून मला त्यांच्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: "वर चौथरा बांधा."

तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की गेल्या दिवाळीला भाऊ एका गिऱ्हाइकाला शेत दाखवायला घेऊन आला होता, आणि "त्यानंतर काही दिवसांनी बाबांनी हा विषय काढला." ताई, ही दोन वाक्यं तुमच्या पत्रात दोन वेगळ्या पानांवर आहेत. ती एकाखाली एक लिहून बघा. २०२० च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन विकत घेता येते. तेव्हापासून खानापूरच्या बाजूला गोव्याच्या, बेंगळूरच्या गाड्या फिरताना दिसतात. कुणाला फार्महाऊस हवं, कुणाला नुसती गुंतवणूक. आपल्या जुन्या माणसांना एक ठाऊक असतं की ज्या शेतात बापाची समाधी आहे ते शेत पोरगा सहजासहजी विकत नाही, आणि घेणाराही दोनदा विचार करतो. मला वाटतं, तुमचे बाबा मरणाची जागा ठरवत नाहीत, ते कुंपण घालतायत. चुकत असेन तर ते स्वतःच सांगतील. पण विचारा. "बाबा, शेत विकलं जाईल अशी भीती वाटते का?" एवढं एकच विचारा आणि मग गप्प बसा.

त्यांनी हो म्हटलं, तर मात्र त्यांना खरं सांगावं लागेल. चौथऱ्यानं विक्री थांबत नाही. समाधी असलेली शेतं विकली जातात, खरेदीपत्रात एका ओळीत तिचा उल्लेख होतो किंवा तोही होत नाही. विक्री थांबते कागदानं. शेत बाबांनी स्वतः कमावलेलं असेल तर ते कुणाला द्यायचं हे मृत्युपत्रात लिहायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. वडिलोपार्जित असेल तर तुम्हीही मुलाइतक्याच वाटेकरी आहात. कर्नाटकात मुलींना हा हक्क ३० जुलै १९९४ पासून दिला गेला, देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मापासूनचा हक्क असल्याचं स्पष्ट केलं. म्हणजे तुमच्या वाट्याचं शेत तुमच्या सहीवाचून विकता येत नाही. अशी सही "नुसती फॉर्मॅलिटी आहे" म्हणून बहिणींकडून चहाच्या टेबलावर घेतली जाते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता राग येण्याऐवजी कंटाळा येतो. वाचल्याशिवाय सही करू नका. उतारा, जुन्या वाटण्या, फेरफार घेऊन एखाद्या दिवाणी वकिलाला अर्धा तास दाखवा. ही भीती अशी कागदावर उतरली, तर बाबांचा आंब्याचा हट्ट कदाचित आपोआप मऊ होईल.

मृत्युपत्राबद्दल तुमची समजूत थोडी दुरुस्त करतो, कारण ती बहुतेकांची असते. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साधा कागद, मराठीत लिहिलं तरी चालतं, सही किंवा अंगठा, आणि ते बघणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या. नोंदणी सक्तीची नाही. केलेली मात्र बरी. पण मृत्युपत्र हे मालमत्तेसाठी असतं आणि कायद्याच्या नजरेत मृतदेह ही कुणाची मालमत्ता नाही. त्यामुळे "मला आंब्याखाली जाळा" असं त्यात लिहिलं तर भावावर ते बंधन ठरत नाही, फार तर मान द्यायची गोष्ट ठरते. शिवाय, तो लिफाफा उघडतो कधी? बारावं झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर! एका घरात देहदानाची इच्छा अशी तेराव्या दिवशी वाचली गेली होती. सगळे एकमेकांकडे बघत बसले.

म्हणून अंत्यसंस्काराची इच्छा मृत्युपत्रात कोंडू नका. वेगळ्या कागदावर बाबांच्या अक्षरात, किंवा त्यांनी सांगून तुम्ही लिहून, खाली त्यांची सही घेऊन, आई, भाऊ, तुम्ही सगळ्यांसमोर एकदा वाचा. भाऊ पुण्यात असेल तर व्हिडिओ कॉलवर वाचा. देहदान करायचं असलेल्या वाचकांनी तर हे करावंच; बेळगावात सरकारी आणि खासगी दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथला अर्ज आधी भरून ठेवा आणि नेत्रदानासाठी सहा तासांच्या आत फोन करायचा असतो हे घरात एकाला तरी पाठ असू द्या.

मग बाबांच्या शब्दाचं काय? मला सुचतं ते असं. कायद्याचे हे सगळे नियम देहाला आहेत, रक्षेला नाहीत. आपल्याकडे बातमीपत्रात निधनवार्ता येते तिच्या शेवटी नेहमी एक ओळ असते: रक्षाविसर्जन अमुक वारी सकाळी ८ वाजता. ती रक्षा नदीलाच सोडली पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. अलीकडे बरीच घरं ती शेतात खड्डा करून पुरतात आणि वर झाड लावतात. दहन गावच्या स्मशानात, आणि तिसऱ्या दिवशी रक्षा बाबांच्या शेतात, विहिरीपासून लांब, वरच्या अंगाला. त्यावर आंब्याचंच कलम लावा. चुलत भावाला त्या सकाळी बोलवा. खड्डा त्याला काढू द्या. तो येईल की नाही सांगता येत नाही, पण पोलिसांत जायला त्याच्याकडे काही उरत नाही. बाबांना हे पटतं का ते मात्र त्यांनाच विचारायचं. त्यांनी नाही म्हटलं तर वरचे तीन कागद गोळा करायला लागा, मी अडवणारा कोण.

आणखी एक. बाबा "मसणात नेऊ नका" म्हणतात ते मसणाच्या भीतीनं, की तुमच्या गावच्या मसणाच्या अवस्थेमुळं? बेळगावात सदाशिवनगरच्या स्मशानात राजकीय नेते सतीश जारकीहोळी यांच्या पुढाकारानं दर ६ डिसेंबरला अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम होतो, माणसं तिथं जेवतात, रात्र काढतात. तिथं जाऊन आलेल्याला स्मशान ही एक जागा वाटते, दुसरं काही नाही. पण ज्या स्मशानाला वाट नाही, शेड नाही, घाणेरीची झुडपं माजलेली आहेत आणि बाजूला गावचा कचरा पडतो, तिथं मला नेऊ नका असं मीही म्हणेन. तसं असेल तर पुढच्या ग्रामसभेत शेड आणि रस्त्याचा विषय लेखी द्या. एका आंब्यापेक्षा गावाला त्याचा उपयोग जास्त.

आता आईकडे येतो. बाबांचं सगळं झाल्यावर तुम्ही बेळगावला परत जाल, भाऊ पुण्याला. विहिरीवर रोज जाणार आहे ती आई. सकाळी कळशी भरताना समोर नवऱ्याचा चौथरा, हे तिला हवं आहे का? काही बायकांना त्याचा आधार वाटतो. माझ्या ओळखीच्या एक आजी रोज समाधीला दोन फुलं वाहून सगळा हिशेब सांगून येत: आज मजूर किती, कुणाची म्हैस व्याली. दुसऱ्या एकीनं त्या वाटेनं जाणंच सोडलं, लांबच्या नळावरून पाणी आणू लागली. तुमची आई यांतली कोणती, हे मला माहीत नाही, आणि पत्रावरून वाटतं, तुम्हालाही नाही. तिनं आत जाऊन चहा ठेवला, हे तिचं उत्तरही असू शकतं. तिला एकटीला गाठून विचारा. नवरा गेल्यावर कुठं काय करायचं हे ठरवताना गावही शेवटी तिच्याच तोंडाकडे बघतं, आणि कोर्टात गेलं तर कोर्टही जवळच्या माणसांत तिला आधी विचारेल.

कोल्हापूरचं उत्तर सोपं आहे. जिथं मृत्यू, तिथंच नोंद. बाबांना कोल्हापुरात काही झालं तर मृत्यूची माहिती दवाखानाच तिथल्या महानगरपालिकेला देतो, मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्रही दवाखान्यानंच द्यायचं असतं, दाखला महाराष्ट्राचा मिळतो. माती खानापुरात झाली म्हणून नोंद इकडे येत नाही, आणि इकडे दुसरी नोंद करू नका. एका माणसाचे दोन दाखले म्हणजे वारसाच्या वेळी गोंधळ. कायदा केंद्राचा असल्यानं तो दाखला नाडकचेरीतही (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयात) चालतो, तहसीलदारांकडेही. "हा मराठीतला आहे, कन्नड आणा" असं कुणी म्हणालं तर त्यावर इंग्रजीही असतं ते दाखवा. सीमेपलीकडून येताना शववाहिकेत दवाखान्याचे कागद वरच्या वर ठेवा. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर सहसा कुणी अडवत नाही, पण अडवलं तर त्या वेळी पिशव्या उपसायला लागू नयेत. बिल भरलं नाही म्हणून प्रेत अडवून ठेवणं हे रुग्णहक्कांच्या सनदेत बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

घरी मृत्यू झाला तर २१ दिवसांत नोंद करा, त्याला पैसे पडत नाहीत. शेवटच्या दुखण्यात ज्यांचं औषध चालू होतं त्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहून द्यायचं असतं आणि त्याची फी घ्यायची नसते. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क, नंतर वर्षभरापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं तर २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे जिल्हाधिकारी किंवा प्रांतांचा आदेश. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, घरात माणसं आहेत तोवर, हे काम एका भाच्यावर सोपवून टाका. साप चावणं, विजेचा धक्का, विहिरीत पडणं असं काही असेल तर मात्र पोलिसांना कळवल्याशिवाय तिरडी उचलायची नाही. "उगाच चिरफाड नको" म्हणून घाईनं माती उरकलेल्या घरांवर पुरावा नष्ट केल्याचा संशय आलेला आहे, आणि विम्याचे पैसेही तिथंच अडकतात.

अग्नीचं विचारलंत. मुलीनं अग्नी देऊ नये असा कायदा नाही. भटजी कुरकुर करतील, दोन म्हातारे बाजूला जाऊन बसतील. मडकं खांद्यावर घ्या आणि चालायला लागा.

येत्या रविवारी माहेरी जाणार आहात असं लिहिलंय, तर जाण्याआधी शेताचा उतारा काढून घ्या. त्यावर कन्नडमध्ये बाबांचं नाव काय पडलंय ते कुणाकडून तरी नीट वाचून घ्या. आधारवर तुकाराम, उताऱ्यावर तुकप्पा आणि बँकेच्या पुस्तकात तिसरंच काहीतरी, असं आपल्या भागात घरोघरी असतं. ते दुरुस्त करायचं तर अर्जावर सही बाबांची लागेल, आणि ती अजून मिळू शकते.